एसक्यूएलच्या फायली पायथनमधून कशा चालवता? सेमीकोलनवर तुकडे पाडून फसलोय

दूधगंगाकाठी | सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरकडच्या एका दूध संघात संगणक विभागात आहे. विभाग म्हणजे मी आणि एक मॅडम, बस. गावोगावच्या संस्थांचं संकलन पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये येतं, दर दहा दिवसांनी बिलं निघतात आणि बिलाच्या आदल्या रात्री एक पायथन स्क्रिप्ट चालते. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर, कपात, ॲडव्हान्स, पशुखाद्याची उधारी सगळं जुळवून ती संस्थेवार याद्या काढते. स्क्रिप्ट माझ्या आधीच्या माणसाने लिहिली, मी वाढवत नेली आणि आता तिच्या २१०० ओळी झाल्यात, त्यातल्या निम्म्याहून जास्त म्हणजे तिहेरी अवतरणात कोंबलेल्या एसक्यूएल क्वेऱ्या, डेटाबेसला विचारायचे प्रश्न.

मॅडमना एसक्यूएल माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं येतं पण पायथन येत नाही. दराचा तक्ता बदलला की त्या पीजीॲडमिनमध्ये (पोस्टग्रेसच्या खिडकीवाल्या टूलमध्ये) क्वेरी दुरुस्त करतात, मला व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि मी ती स्क्रिप्टमध्ये चिकटवतो. मागच्या महिन्यात चिकटवताना माझ्याकडून एक ओळ सुटली, गाय आणि म्हैस वेगळी करणारी अट होती ती. याद्या छापायच्या आधी मॅडमच्या लक्षात आलं म्हणून निभावलं, नाहीतर १४ गावांच्या गायीच्या दुधाला म्हशीचा दर लागला असता.

तेव्हाच ठरवलं की क्वेऱ्या वेगळ्या फायलींत जाणार, मॅडम त्या थेट बदलणार आणि मी मध्ये हात घालणार नाही. मी केलं ते असं, की अख्खी फाइल वाचायची, सेमीकोलनवर स्प्लिट मारायचा आणि एकेक तुकडा एक्झिक्यूटला, म्हणजे क्वेरी चालवणाऱ्या फंक्शनला, द्यायचा. चार दिवस छान चाललं. पाचव्या दिवशी "अनटर्मिनेटेड कोटेड स्ट्रिंग" अशी एरर, म्हणजे अवतरण बंदच झालेलं नाही. तासभर अवतरणं मोजत बसलो, सगळी बरोबर होती. शेवटी सापडलं की मॅडमनी यादीतल्या शेऱ्यासाठी 'फॅट कमी; नमुना पुन्हा घ्यावा' असा मजकूर घातला होता आणि माझ्या स्प्लिटने तो बरोब्बर मधोमध कापला होता.

तर प्रश्न असे की फायलीचे तुकडे नीट कसे पाडायचे, एका फाइलमध्ये एकच क्वेरी ठेवता की सगळ्या एकत्र, आणि तारखांसारख्या बदलत्या गोष्टी फाइलमध्ये कशा घालता. तुम्ही प्रत्यक्षात काय करता ते सांगा.

---

खडीसाखर | सोमवार, रात्री ११:०५

रुमाल टाकून ठेवतोय. आमच्याकडेही हीच रड आहे.

---

रातपाळी | सोमवार, रात्री ११:४०

दादा, पहिली गोष्ट म्हणजे स्प्लिट काढून टाका, आज रात्रीच. शेऱ्यातला सेमीकोलन सापडला हे बरंच झालं. उद्या कोणी त्याच फाइलमध्ये फंक्शन लिहिलं तर? पोस्टग्रेसमध्ये फंक्शनचा मजकूर $$ आणि $$ यांच्या मध्ये असतो आणि त्यात दर ओळीला सेमीकोलन असतो. कॉमेंटमध्येही असू शकतो. सेमीकोलन कुठे वाक्य संपवतो आणि कुठे नुसतं अक्षर आहे हे ठरवायला एसक्यूएल वाचता यायला लागतं, स्प्लिटला ते येत नाही.

आणि तुकडे पाडायची गरज आहे का हे आधी बघा. तुम्ही सायकोपीजी २ (पायथनमधून पोस्टग्रेसशी बोलणारा ड्रायव्हर) वापरत असाल तर एका एक्झिक्यूटमध्ये अख्खी फाइल दिली तरी सर्व्हर ती ओळीने चालवतो. फक्त निकाल शेवटच्या वाक्याचा हातात येतो, आधीच्यांचे विसरायचे. सायकोपीजी ३ मध्ये पॅरामीटर (क्वेरीत बाहेरून भरायच्या किमती) नसतील तरच हे जमतं. पॅरामीटर दिले की सर्व्हर सांगतो, एका वेळी एकच कमांड.

दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच नावाने बोलतो त्याने गोंधळ होतो. एक म्हणजे क्वेरी, जिचा निकाल पायथनला हवाय. दुसरी म्हणजे स्क्रिप्ट, दहा वाक्यं ओळीने, टेबल बनव, भर, इंडेक्स टाक. पहिलीसाठी एक फाइल एक क्वेरी. दुसरीसाठी पायथन मध्ये आणूच नका, पीएसक्यूएलला, म्हणजे पोस्टग्रेसच्या कमांड लाइनवरच्या टूलला, फाइल द्या.

---

अबोली | सोमवार, रात्री ११:५५

+१ रातपाळी. एसक्यूलाइट (एका फाइलमधला छोटा डेटाबेस) वापरणाऱ्यांसाठी भर घालते. तिथे एक्झिक्यूट एकच वाक्य घेतं, दोन दिली की एरर. अख्ख्या फायलीसाठी एक्झिक्यूटस्क्रिप्ट आहे, पण त्यात दोन खाचखळगे आहेत. त्याला पॅरामीटर देता येत नाहीत, आणि आधीचं ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के किंवा रद्द होणारे बदल) उघडं असेल तर तो ते परस्पर कमिट, म्हणजे पक्कं, करून टाकतो. मी एकदा रोलबॅकच्या (बदल रद्द करण्याच्या) भरवशावर बसले होते, त्याच्या आधीच सगळं पक्कं होऊन गेलं होतं.

---

कंसातला | मंगळवार, सकाळी ८:२०

मी विरुद्ध बाजूने बोलतो. क्वेरी कोडमध्येच असावी असं माझं बारा वर्षांच्या कामानंतरचं मत आहे. क्वेरीने काय कॉलम द्यायचे आणि खालच्या ओळीत पायथनने ते कसे वापरायचे हे एका नजरेत दिसलं पाहिजे. वेगळी फाइल केली की कॉलमचं नाव तिकडे बदलतं आणि इकडे रात्री दोन वाजता की-एरर येते. फाइल उघडा, मग कोड उघडा, परत फाइल उघडा, यात काय मिळवलं?

दूधगंगाकाठी यांच्या केसमध्ये दोष तिहेरी अवतरणांचा नव्हता, व्हॉट्सॲपवरून चिकटवण्याचा होता. मॅडमना गिट (फायलींतले बदल नोंदवणारं टूल) शिकवा, त्या पायथनच्या फाइलमध्ये हात घालू शकतील.

---

अबोली | मंगळवार, सकाळी ९:१०

कंसातला, पटलं नाही. तुमच्याकडे क्वेरी लिहिणारा आणि कोड लिहिणारा एकच माणूस आहे, म्हणून तुम्हाला एका नजरेत बघणं सोयीचं. त्यांच्याकडे दोन माणसं आहेत. मॅडमना पायथनच्या फाइलमध्ये क्वेरी दुरुस्त करायला लावलं तर त्या ती चालवून बघणार कशी? अवतरणांतून काढायची, पीजीॲडमिनमध्ये टाकायची, चालवायची, परत अवतरणांत घालायची. म्हणजे चिकटवणं तेच राहिलं, फक्त करणारं माणूस बदललं.

माझ्या लेखी फाइलचा खरा फायदा एकच आहे. ज्याला पायथन येत नाही त्याला ती उघडून जशीच्या तशी चालवता आली पाहिजे. तेवढं जमत नसेल तर वेगळी फाइल करून उपयोग नाही, तिथे मी तुमच्या बाजूने.

---

कंसातला | मंगळवार, सकाळी ९:२५

हे मात्र मान्य. "जशीच्या तशी चालवता आली पाहिजे" ही कसोटी चांगली आहे. पण मग पॅरामीटर आले की ती कसोटी मोडते. %एस (पॅरामीटरची जागा) लिहिलेली क्वेरी पीजीॲडमिनमध्ये चालत नाही. त्याचं काय?

---

टेकडीवरचा | मंगळवार, सकाळी १०:००

व्ह्यू (नाव देऊन डेटाबेसमध्ये साठवलेली क्वेरी) करा ना सरळ. डेटाबेसमध्येच व्ह्यू, पायथनमधून फक्त सिलेक्ट. फायलींची भानगडच नको.

---

रातपाळी | मंगळवार, दुपारी १२:१५

टेकडीवरचा, व्ह्यू चांगलेच आहेत, पण व्ह्यूचा मजकूर राहतो डेटाबेसमध्ये. मागच्या महिन्यात तो काय होता, कोणी बदलला, हे विचारायला गेलात तर उत्तर नाही. म्हणजे व्ह्यू बनवणारी फाइल तुम्हाला ठेवावीच लागते, आणि ती चालवायचा प्रश्न परत इथेच येतो. शिवाय व्ह्यूला पॅरामीटर नसतात, त्यासाठी फंक्शन लिहावं लागतं. आणि पोस्टग्रेसमध्ये क्रिएट ऑर रिप्लेस करताना नवीन कॉलम शेवटीच जोडता येतो. मधला काढायचा असेल तर व्ह्यू पाडून नव्याने बांधा, त्याच्यावर दुसरे व्ह्यू उभे असतील तर तेही.

आता पीएसक्यूएलला फाइल द्या असं मी काल म्हणालो त्याची दुसरी बाजू सांगतो, कारण ते अर्धवट सांगणं धोक्याचं आहे. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट, कंपनीचं नाव घेत नाही. जुन्या नोंदी अर्काइव्ह टेबलमध्ये हलवायची स्क्रिप्ट होती. फाइलमध्ये दोनच वाक्यं. पहिलं, मूळ टेबलातून सिलेक्ट स्टार करून अर्काइव्हमध्ये इन्सर्ट. दुसरं, त्याच नोंदी मूळ टेबलातून डिलीट. दर महिन्याला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) चालायची, दोन वर्षं तक्रार नाही.

एका महिन्यात कोणीतरी मूळ टेबलात एक कॉलम वाढवला. अर्काइव्हमध्ये नाही वाढवला. रात्री स्क्रिप्ट चालली, इन्सर्टला एरर आली की कॉलम जास्त आहेत. आणि पीएसक्यूएल पुढच्या वाक्याला गेला. डिलीटमध्ये काहीच चूक नव्हती. ते झालं, आणि कमिटही झालं, कारण पीएसक्यूएल प्रत्येक वाक्य आपलं आपलं कमिट करतो.

सकाळी सात वाजता मला फोन. एरर लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेली होती, तिच्या खालच्याच ओळीत डिलीट आणि पुढे सहा आकडी संख्या. ती ओळ मी आजही डोळ्यांपुढे आणू शकतो. बॅकअप होता म्हणून संध्याकाळपर्यंत डेटा परत आला, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पीएसक्यूएल एरर आल्यावर आपणहून थांबत नाही. त्याला ऑन-एरर-स्टॉप हा व्हेरिएबल १ करून द्यावा लागतो, आणि सिंगल-ट्रान्झॅक्शनचा पर्याय लावला की सगळं एकत्र होतं किंवा काहीच होत नाही. दोन्ही लावा. पायथनमधून सायकोपीजीने चालवलं तर मुळातच ट्रान्झॅक्शन उघडं असतं, एरर आली की पुढचं होत नाही. तिथे उलटा त्रास, कमिट विसरलात तर सगळं चालून शून्य हाती.

---

खडीसाखर | मंगळवार, दुपारी १२:४०

वाचूनच पोटात गोळा आला. आत्ताच सर्व्हरवर जाऊन बघितलं, आमच्या तीन क्रॉनपैकी एकाही ठिकाणी ऑन-एरर-स्टॉप नव्हतं. लावलं. रातपाळी, तुम्हाला वडापाव लागू.

---

शिकाऊ_उमेदवार | मंगळवार, दुपारी १:३०

बाळबोध प्रश्न विचारतो. मी फाइल वाचून त्यात एफ-स्ट्रिंगसारखं (मजकुरातच किंमत चिकटवून) तारीख आणि संस्थेचा कोड टाकतो. चालतंय की. पॅरामीटर कशाला?

---

अबोली | मंगळवार, दुपारी २:१०

@शिकाऊ_उमेदवार, प्रश्न बाळबोध नाही, रोज कोणीतरी हेच करतं. तारीख आणि कोड तुमच्याच प्रोग्रामने बनवले आहेत तोवर चालेल. ज्या दिवशी तो मजकूर बाहेरून आला, वेबच्या फॉर्ममधून, एक्सेलमधून, त्या दिवशी त्यात कोणी अवतरण बंद करून पुढे स्वतःचं एसक्यूएल लिहू शकतो. आणि हल्लेखोर लागतोच असंही नाही. आमच्या यादीत ओ'ब्रायन आडनावाचा एक माणूस होता, मी डब्लिनला असते, इथे अशी आडनावं पावलोपावली. एका आडनावातल्या अपॉस्ट्रॉफीने रात्रीचा जॉब पाडला होता. गोव्यातही डिसोझा, डिसिल्वा लोक इंग्रजीत लिहिताना तशीच खूण घालतात.

पॅरामीटर म्हणजे किंमत वेगळी जाते आणि क्वेरी वेगळी जाते. अवतरणं, तारखांचा फॉरमॅट, नल (किंमतच नसणं), सगळं ड्रायव्हर बघतो. एकच मर्यादा, पॅरामीटरने फक्त किंमत देता येते. टेबलाचं नाव किंवा ऑर्डर बायचा कॉलम नाही देता येत. ते बदलतं हवं असेल तर कोडमध्ये परवानगी असलेल्या नावांची यादी ठेवा आणि त्यातूनच निवडा.

---

गोंयचो_दर्या | मंगळवार, दुपारी ३:००

डिसोझाचं उदाहरण शंभर टक्के खरं. पणजीच्या एका ऑफिसात याच कारणाने एका बाईंचं नाव सिस्टीममध्ये अपॉस्ट्रॉफी काढून टाकलं होतं आणि मग आधारशी जुळेना. कितीतरी खेपा घातल्या त्यांनी.

---

जुना_खोडकर | मंगळवार, दुपारी ४:४५

फायलींचा विषय निघालाय तर माझं जुनं दुखणं सांगतो. ओरॅकल डेटाबेसवर २००३ पासून आहे. एसक्यूएलप्लसमध्ये (ओरॅकलच्या कमांड टूलमध्ये) सेमीकोलन हवाच, आणि तीच फाइल पायथनच्या ओरॅकल ड्रायव्हरला दिली की शेवटच्या सेमीकोलनवर ओआरए-००९११, इनव्हॅलिड कॅरॅक्टर. पोरं येऊन विचारतात की काका, तिकडे चालतं आणि इकडे का नाही. कारण सेमीकोलन हा एसक्यूएलप्लससाठी आहे, "माझं संपलं, आता पाठव" असं सांगायला. सर्व्हरपर्यंत तो जातच नाही. पीएलएसक्यूएल ब्लॉकखालच्या ओळीवरचा एकटा / तसाच.

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांचं गो तसंच, गो हा शब्द सर्व्हरला माहीतच नाही, तो एसक्यूएलसीएमडीला आणि मॅनेजमेंट स्टुडिओला कळतो. मायएसक्यूएलचं डिलिमिटर तसंच. पीएसक्यूएलमधल्या \ ने सुरू होणाऱ्या सगळ्या कमांड तशाच. फाइल एसक्यूएलची दिसते पण त्यात अर्धं टूलशी बोलणं असतं आणि अर्धं डेटाबेसशी. पायथनमधून चालवायच्या फाइलमध्ये टूलशी बोलणं एक ओळही नको. मी नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतो, ही ओळ कोण वाचणार ते विचार.

---

खान्देशी_तडका | मंगळवार, सायंकाळी ६:१०

जुना_खोडकर काका, "ही ओळ कोण वाचणार" हे आमच्या टीमच्या भिंतीवर लावतो.

अवांतर: क्वेरीच्या फायलींना नावं काय देता? आमच्या फोल्डरमध्ये रिपोर्ट_फायनल, रिपोर्ट_फायनल_२, रिपोर्ट_फायनल_साहेब आणि रिपोर्ट_फायनल_साहेब_नवीन आहेत. साहेब रिटायर होऊन तीन वर्षं झाली, क्वेरी अजून ड्युटीवर आहे.

---

बटाटेवडा | मंगळवार, सायंकाळी ६:२५

साहेबांच्या निरोप समारंभाला क्वेरीचाही सत्कार करायचा होता, शाल-श्रीफळ देऊन.

---

दूधगंगाकाठी | मंगळवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडमनाही धागा वाचायला दिला. स्प्लिट काल रात्रीच काढला, आता एक फाइल एक क्वेरी, ३८ फायली झाल्या.

पण आज नवीन प्रकार. पॅरामीटर घातले, %(पासून)एस अशा धर्तीवर, नाव अर्थात इंग्रजीत. ३८ पैकी ३६ चालल्या. दोन फायली पॅरामीटर नसताना नीट चालायच्या, पॅरामीटर दिला की फुटतात. एकीत लाइकमध्ये (नमुन्याशी जुळवणाऱ्या अटीत) 'क%' आहे ते कळलं, तिथे %% करायचं असतं. दुसरीत मात्र लाइक नाहीच. तीनदा वाचली. काय असेल?

---

अबोली | मंगळवार, रात्री ९:४०

कॉमेंट बघा. कुठे टक्के लिहिलेत का?

---

दूधगंगाकाठी | मंगळवार, रात्री ९:५२

अहो लै भारी! मॅडमनी वर लिहिलंय, "गाय ३.५% फॅट धरून मूळ दर, पुढे प्रत्येक पॉइंटला वाढ". कॉमेंटमधल्या टक्क्याने क्वेरी फुटेल असं स्वप्नातही आलं नसतं.

---

अबोली | मंगळवार, रात्री १०:१५

सायकोपीजीला कॉमेंट आणि क्वेरी यातला फरक कळत नाही, तो अख्ख्या मजकुरात % शोधतो, पण पॅरामीटर दिले असतील तेव्हाच. म्हणून आधी चालत होतं. आणि %% केलंत तर पीजीॲडमिनमध्ये लाइकचा अर्थ बदलत नाही, पण मॉड्युलोचं (बाकी काढण्याचं) चिन्ह असेल तर तिथे मोडेल. मॅडमनी का म्हणून %% लक्षात ठेवायचं?

मी स्वतः एआयओएसक्यूएल नावाची छोटी लायब्ररी वापरते, लाइकमधलं %% मात्र तिथेही लागू शकतं. कल्पना क्लोजर भाषेतल्या येसक्यूएल लायब्ररीवरून आली आहे. फाइलमध्ये क्वेरीच्या वर कॉमेंटमध्ये नाव लिहायचं, दोन डॅश, नेम, कोलन आणि नाव. पायथनमध्ये त्याच नावाचं फंक्शन तयार होऊन येतं. नावापुढे खूण टाकून सांगायचं की एकच ओळ हवी, एकच किंमत हवी, की अपडेट-डिलीट आहे. पॅरामीटर कोलनने लिहायचे, :पासून, :पर्यंत असे, नावं इंग्रजीत. ड्रायव्हरला लागतं ते रूप ती लायब्ररी करून देते आणि पोस्टग्रेसच्या :: कास्टमध्ये (किमतीचा प्रकार बदलण्याच्या खुणेत) गोंधळत नाही. मग एका फाइलमध्ये चार संबंधित क्वेऱ्याही सुखाने राहतात, कपातीच्या एका फाइलमध्ये, संकलनाच्या दुसऱ्या.

आणि कंसातला यांनी सकाळी विचारलं त्याचं उत्तर इथेच आहे. कोलनवाले पॅरामीटर पीजीॲडमिनला कळत नाहीत, पण डीबीव्हर नावाच्या डेटाबेस टूलला कळतात. मॅडमनी डीबीव्हरमध्ये तीच फाइल उघडून चालवली की तो छोटी खिडकी उघडून किमती विचारतो. तारीख अवतरणात टाकायची एवढंच.

---

कंसातला | मंगळवार, रात्री १०:४०

हे ऐकून मत बदललं असं नाही, पण दोन माणसं असतील तर मी हेच करीन. एक सूचना. तालुका द्यायचा किंवा नाही द्यायचा असे ऐच्छिक पॅरामीटर असतील तर फाइलमध्ये तुकडे जोडत बसू नका, "तालुका नल असेल किंवा तालुका जुळत असेल" अशी अट एकदाच लिहा. सायकोपीजी ३ असेल तर पॅरामीटरपुढे ::टेक्स्ट लावा, नाहीतर सर्व्हर म्हणतो की पॅरामीटरचा प्रकार कळत नाही. आणि संस्थांची यादी द्यायची असेल तर इन नको, = एनी वापरा आणि पायथनची लिस्ट द्या. यादी रिकामी निघाली तर इन फुटतो, एनी शांतपणे शून्य ओळी देतो.

---

खडीसाखर | बुधवार, सकाळी ७:५०

माझा एक अनुभव जोडतो, लहान आहे पण दोन दिवस खाल्ले. फाइल पीएसक्यूएलमध्ये चालायची, पायथनमधून पहिल्याच शब्दावर सिंटॅक्स एरर. सिलेक्टवर एरर! शब्द पुसून परत टाइप केला तरी तेच. शेवटी हेक्समध्ये फाइल उघडली तर सुरुवातीला तीन बाइट जास्त, ईएफ बीबी बीएफ. जुन्या विंडोजच्या नोटपॅडने सेव्ह करताना घातलेला बीओएम, म्हणजे एन्कोडिंगची खूण. पीएसक्यूएल तो गुपचूप गाळतो, पायथन गाळत नाही. वाचताना एन्कोडिंग यूटीएफ-८-एसआयजी द्या, बीओएम असला काय नसला काय, चालतं.

आणि मराठी शेरे असणाऱ्यांनी तर एन्कोडिंग लिहायचंच. विंडोजवर पायथन न सांगता स्थानिक कोडपेज धरतो, 'नमुना पुन्हा घ्यावा' ची तिथे रांगोळी होते.

---

शिकाऊ_उमेदवार | बुधवार, सकाळी १०:३०

माझीही भर. लॅपटॉपवर चालतं आणि क्रॉनमध्ये "फाइल सापडली नाही" येतं असं कोणाला झालं तर, मी पाथ नुसता फोल्डरच्या नावाने दिला होता. क्रॉन होम फोल्डरमधून सुरू होतो. आता स्क्रिप्टची स्वतःची जागा पायथनच्या पाथलिबने काढून तिथून फाइल शोधतो. आणि एफ-स्ट्रिंग सगळ्या काढल्या, अबोलीताई.

---

रातपाळी | बुधवार, दुपारी १२:२०

छान. एकच राहिलं. स्क्रिप्ट प्रकारच्या फायली सिंगल-ट्रान्झॅक्शनमध्ये चालवताना व्हॅक्यूम (जुन्या नोंदींची सफाई) किंवा क्रिएट इंडेक्स कन्करंटली (टेबल न अडवता इंडेक्स बांधणं) असेल तर ती एरर देणार, ती दोन्ही ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाहीत. त्यांची वेगळी फाइल ठेवा. आणि मायएसक्यूएल, ओरॅकलवाल्यांनो, तुमच्याकडे क्रिएट टेबल किंवा ऑल्टर आलं की आधीचं सगळं आपोआप कमिट होतं. रोलबॅकवर विसंबू नका.

---

दूधगंगाकाठी | शुक्रवार, रात्री ११:२०

आज दहाव्याचं बिल होतं, म्हणून आत्ता लिहितोय.

३८ फायलींच्या ७ झाल्या, विषयवार, प्रत्येक क्वेरीला वर नाव. स्क्रिप्ट ८०० ओळींवर आली. मॅडमनी डीबीव्हर घेतलं. दुपारी तीन वाजता दर बदलाचं पत्र आलं, म्हशीला सहा फॅटच्या वर वाढ. नेहमी अशा दिवशी मॅडमचा मेसेज, माझं चिकटवणं, परत तपासणं असं रात्री अकरापर्यंत चालायचं. आज त्यांनी दराची फाइल उघडली, दोन ओळी बदलल्या, तिथेच मागच्या दहाव्याच्या तारखा टाकून चालवून बघितली, एका संस्थेची यादी हाताने आकडेमोड करून जुळवली आणि मला फक्त "झालं" म्हणाल्या. कॉमेंटमध्ये टक्के तसेच आहेत, फक्त त्यांनी आपणहून "टक्के" असं अक्षरात लिहिलंय.

स्क्रिप्ट सव्वाआठला संपली. एक अडलंय ते विचारतो. वर्षाच्या बोनसची क्वेरी १९० ओळींची आहे, चार सीटीई (नाव दिलेल्या उपक्वेऱ्या) आहेत. ती एकाच नावाखाली ठेवू की फोडून टेम्प टेबलं करू?

---

जुना_खोडकर | शुक्रवार, रात्री ११:४५

मॅडमना विचारा. फाइल त्यांची आहे.

---

अबोली | शनिवार, पहाटे ३:१०

काकांशी सहमत. तोवर एक्सप्लेनचा (क्वेरी कशी चालते ते दाखवणाऱ्या कमांडचा) निकाल इथे टाका, संस्थांची नावं काढून. बघूया वेळ कुठे जातोय.